खासगी, सरकारी आणि अठरा कारखाने

सरकारने कंपनीचे थोडे भाग (शेअर) बाजारात विकले की 'खासगीकरण' म्हणावे का, आणि शब्द 'खासगी' की 'खाजगी', असे दोन प्रश्न एका वाचकाने विचारले आहेत.

दुसरा आधी. दोन्ही रूपे रुळली आहेत. मूळचा अरबी 'खास' दिसत राहावा म्हणून मी 'खासगी' लिहितो. पहिल्याचे उत्तर: नाही. थोडे भाग विकले तर ती निर्गुंतवणूक. मालकी आणि ताबा सरकारच्या हातून गेला तरच खासगीकरण. ब्रिटनने १९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमचे निम्म्याहून अधिक भाग विकले, ते खासगीकरण. २०२२ मध्ये आपल्या आयुर्विमा महामंडळाचे साडेतीन टक्के भाग विकले, ती निर्गुंतवणूक. चर्चांमध्ये हे दोन्ही शब्द इतके बिनदिक्कत अदलून-बदलून वापरतात की सरकारने नेमके काय विकले हेच ऐकणाऱ्याला कळत नाही. याचा मला मनस्वी संताप येतो.

आता 'खास'कडे येऊ. 'आम'च्या उलट तो 'खास'. मराठीत 'खासगी' म्हणजे आधी धन्याच्या घरचे, राज्याच्या दौलतीपासून वेगळे ठेवलेले खाते. पेशव्यांकडे ते पाहणारे खासगीवाले. पुढे ते आडनावच झाले. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगीची जहागीर दिली. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली आणि त्या खासगीच्या उत्पन्नातून घाट नि मंदिरे उभी राहिली. पैसा खासगीचा, काम लोकांचे! इंग्रजी 'प्रायव्हेट'च्या मुळाशी मात्र लॅटिन 'प्रिवातुस' आहे: सार्वजनिक पदापासून वेगळा राहिलेला, वंचित. तिकडे उणीव, इकडे मान. माझ्या मते आपला शब्द वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जातो, कारण खासगी उद्योगाला बळ पुष्कळदा राज्याकडूनच मिळते.

काही जाणती मंडळी भाषेचा दाखला देऊन सांगतात की सरकार म्हणजे हुकूम आणि कारखाना म्हणजे धनिकाचा उद्योग. हे साफ चूक आहे. फारसी 'सर' म्हणजे मुख्य, 'कार' म्हणजे काम. सरकार म्हणजे कामाचा मुख्य. आणि शिवकाळातले अठरा कारखाने कोणाचे होते? तोफखाना, दारूखाना (तोफा-बंदुकांच्या दारूचा), अंबारखाना (धान्याचा), पीलखाना (हत्तींचा) ही सगळी राज्याची खाती. राज्यव्यवहारकोशात, म्हणजे शिवकाळातल्या राज्यकारभाराच्या शब्दकोशात, त्यांच्यासाठी 'कार्यस्थानवर्ग' असा वेगळा वर्गच आहे. कारखाना आपल्याकडे आधी सरकारी होता, धनिकाचा नंतर झाला.

अर्थव्यवस्था नवी होते तेव्हाही हाच क्रम पुन्हापुन्हा दिसतो. जपानी सरकारने १८७२ मध्ये तोमिओकाला रेशमाची गिरणी काढली, फ्रान्सहून यंत्रे आणि तज्ज्ञ आणले. तिथे शिकलेल्या मुलींनी ती विद्या इतर गिरण्यांत नेली. १८९३ मध्ये ती गिरणी मित्सुई या व्यापारी घराण्याला विकली. इंटरनेटचा पूर्वज आर्पानेट १९६९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर सुरू झाला. बाजारपेठ मागाहून कंपन्यांनी उभी केली. पण ही दुसरी पायरीही तितकीच मोलाची: गिऱ्हाईक शोधणे, किंमत उतरवणे, तोट्यातले काम वेळीच बंद करणे हे सरकारी खात्याला सहसा साधत नाही.

एक प्रकार राहिला. मालकी सरकारची, पण ठरावीक वर्षे चालवणार खासगी कंपनी, यालाही हल्ली खासगीकरण म्हणतात. त्याला मराठीत 'मक्ता' हा नेमका शब्द आहे, तो वापरा.