हस्तपत्रिकांची यादी कुठे ठेवावी?

प्रश्न : आमच्या वाचनालयात जत्रेतल्या नाटकांच्या जुन्या हस्तपत्रिका आणि स्मरणिका आहेत. त्यांची यादी मी एक्सेलमध्ये केली. भाच्याने जुन्या संगणकावर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या बंदिस्त कप्प्यांत चालवणारी प्रणाली) घालून त्यात मेलीसर्च हे शोधयंत्र सुरू करून दिले. शोध छान चालत होता. नवी आवृत्ती आली म्हणून मी जुना कंटेनर (डॉकरमधला मेलीसर्चचा कप्पा) बंद करून नवा चालवला, तर यादी रिकामी! शिवाय ‘कवळे’ टाकले की ‘कवळ्यात झालेला प्रयोग’ ही नोंद येत नाही. आणि वाचकांना त्यांच्या संगणकावरून हे उघडू द्यावे का?
— एक ग्रंथपाल, फोंडा तालुका

उत्तर : एक्सेलची फाइल जागेवर आहे ना? मग तुमचे काहीही गेलेले नाही. ती ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ (साध्या मजकुराची तक्ता-फाइल, जिच्यात मराठी अक्षरे टिकतात) म्हणून साठवा आणि पुन्हा मेलीसर्चमध्ये घाला. आणि यापुढे कायम ती फाइलच मूळ माना. मेलीसर्चमध्ये असते ती तिच्यावरून केलेली शोधसूची, कधीही नव्याने करता येणारी. फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक वाचनालयाबाहेर कोणाच्या तरी घरी ठेवाच. या हस्तपत्रिकांची दुसरी प्रत गोव्यात कुठे असेलच याची खात्री कोण देणार? माझे काका जत्रेतल्या नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. त्यांचे नाव आज छापील स्वरूपात उरले आहे ते अशाच दोन-चार कागदांवर. म्हणून तुमचे पत्र वाचून मला फार आनंद झाला.

आता यादी का गेली ते. जत्रेचा मांडव उभारतात आणि उतरवतात, देवाचे दागिने त्यात कोणी ठेवत नाही. कंटेनर तसाच. तो काढून टाकला की त्याच्या आत लिहिलेलेही जाते. मेलीसर्च आपला डेटा ‘मेली डेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये लिहिते. कंटेनर चालवण्याच्या कमांडमध्ये ‘डॅश व्ही’ या पर्यायाने हा फोल्डर संगणकावरच्या एखाद्या फोल्डरला जोडला नसेल, तर तो कंटेनरबरोबर संपतो. पुष्कळ ठिकाणी नमुन्याच्या कमांडमध्ये ‘डॅश डॅश आरएम’ही असते. त्याचा अर्थच ‘थांबला की काढून टाक’ असा आहे. चाचणीपुरते ते ठीक, पण वाचनालयात ते नको. त्याऐवजी ‘रीस्टार्ट अनलेस-स्टॉप्ड’ लावा, म्हणजे पावसाळ्यात वीज जाऊन आली आणि डॉकर पुन्हा सुरू झाले की कंटेनर आपोआप उठेल. हे दोन्ही पर्याय एकत्र चालत नाहीत, डॉकर लगेच नकार देते.

आवृत्तीचेही तसेच. कमांडमध्ये ‘लेटेस्ट’ असे लिहू नका, नेमका आवृत्तीक्रमांक लिहा. एका आवृत्तीने लिहिलेला डेटाबेस दुसरी आवृत्ती सरळ उघडत नाही. म्हणजे फोल्डर जोडलेला असता तरी नवा कंटेनर अडलाच असता. बदलण्याआधी जुन्या आवृत्तीतून डम्प (सगळ्या डेटाची निर्यात केलेली प्रत) काढायचा आणि नवीत तो आयात करायचा. तुमच्यासारखी एक्सेलमधली यादी असेल तर मात्र सगळे पुसून नव्याने भरणेच सोपे, मी तेच करायला सांगेन.

‘कवळे’चा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मेलीसर्च शोधातल्या शेवटच्या शब्दाने सुरू होणारे शब्द शोधते. म्हणून ‘मडगाव’ टाकल्यावर ‘मडगावात’ सापडते, ‘साखळी’ टाकल्यावर ‘साखळीत’ही. पण ‘कवळे’चे सामान्यरूप ‘कवळ्या’ होते, शेवटची मात्राच बदलते. चूक पोटात घालण्याची सोय आहे, ती मुळात पाच किंवा अधिक चिन्हांच्या शब्दांना. ‘कवळे’ दिसायला तीन अक्षरे, संगणकाच्या हिशेबी मात्रा धरून चार चिन्हे. त्यामुळे सूट नाही. ‘देऊळ’ आणि ‘देवळात’ यांचेही हेच होईल. समानार्थी शब्दांची यादी सेटिंगमध्ये देता येते, दोन्ही बाजूंनी द्यावी लागते. पण गावागणिक प्रत्येक विभक्तीची जोडी कोण लिहीत बसणार?

याचे खरे उत्तर तुमच्याच व्यवसायात आहे. हस्तपत्रिकेवरचा मजकूर जसाच्या तसा एका रकान्यात ठेवा आणि शेजारी गाव, देवस्थान, नाटक, नाटककार, साल, कलाकार असे वेगळे रकाने करा. गाव नेहमी मूळ रूपात, एकाच लेखनाने लिहा : कवळे, बांदोडे, म्हार्दोळ. मग मेलीसर्चच्या सेटिंगमध्ये ‘गाव’ हा रकाना गाळणीसाठी (फिल्टर) खुला करा. वाचक गाव निवडेल आणि तिथली सगळी नाटके समोर येतील. समानार्थी यादी ‘नाईक’ आणि ‘नायक’ अशा आडनावांपुरती ठेवा, तिथे ती फार उपयोगी पडते. स्मरणिकांच्या छापखान्यातून जुन्या फाइली मिळाल्या असतील तर एक तपासा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत) नसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय कुठलेच यंत्र शोधणार नाही.

वाचकांना उघडू द्या, जरूर द्या, पण वाचनालयाच्या आतल्या नेटवर्कवर. मास्टर की (मुख्य पासवर्ड) न देता मेलीसर्च सुरू केले तर 7700 या पोर्टवर (त्याच्या नेटवर्कवरच्या दारावर) पोचणारा कोणीही यादी पुसू शकतो. किमान 16 अक्षरांची की द्या (इंग्रजी अक्षरे आणि अंक), आणि मेलीसर्च चालवण्याची ‘प्रॉडक्शन’ (प्रत्यक्ष वापराची) पद्धत निवडा. त्यात तयार शोधपान बंद होते, तेव्हा भाच्याकडून एक साधे पान करून घ्या आणि त्यात फक्त शोधापुरती की घालू द्या. लिनक्स असेल तर आणखी एक सावधगिरी : डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्सवरच्या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जाते. फायरवॉल लावली म्हणून निर्धास्त राहू नका.

प्रश्न : घरच्या दोन-तीन हजार पुस्तकांच्या यादीसाठी इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र घेऊ का? लॅपटॉपला 4 जीबी रॅम आहे.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : नको. ते जावावर चालते आणि मोठ्या कामासाठी बांधलेले आहे, तुमच्या लॅपटॉपची बरीच रॅम तेच खाईल. एवढ्या पुस्तकांना एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आणि त्यातली एफटीएस5 ही शोधसोय पुरते, कंटेनरही लागत नाही. सगळी यादी एका फाइलमध्ये राहते.