अ‍ॅपलाशियन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा इतिहास काय आहे? फुटबॉलचाच एवढा गाजावाजा असलेल्या ठिकाणी मुलीला एमएससाठी पाठवावं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "या विद्यापीठाचं नाव कधी ऐकलं नव्हतं, शोधलं तर फुटबॉलच दिसतं." २००६ साली मी याच विद्यापीठाच्या गावी, बूनला, शिकायला निघाले तेव्हा माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, अगदी हेच म्हणाला होता. तो मिशिगन विद्यापीठात, अ‍ॅन आर्बरला शिकलेला. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

आधी इतिहास. १८९९ साली डॉहर्टी बंधूंनी नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात शाळा काढली. पुढे तिचं शिक्षक घडवणारं कॉलेज झालं आणि १९६७ साली विद्यापीठ. बून गाव ३,३३३ फुटांवर आहे. फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळायचं अमेरिकन फुटबॉल, १९२८ पासून चालू आहे. १९३७ च्या नियमित हंगामात या संघाविरुद्ध एकाही प्रतिस्पर्ध्याला एक गुणसुद्धा करता आला नाही. त्या वेळचे कोच किड ब्रूअर, स्टेडियमला आज त्यांचंच नाव आहे. पुढे मोठं नाव कमावलेले मॅक ब्राउन १९८३ साली पहिल्यांदा मुख्य कोच झाले ते इथेच. पण खरा माणूस जेरी मूर. १९८९ ला आले, २४ हंगाम राहिले, २१५ सामने जिंकले. २००५, २००६, २००७ असं सलग तीनदा खालच्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद. त्या गटात सलग तीन त्याआधी कुणालाच जमली नव्हती.

"त्या गटात" हे महत्त्वाचं. मिशिगन वगैरे मंडळी वरच्या गटातली. त्यांना तेव्हा खेळाडूंना ८५ स्कॉलरशिप देता यायच्या, आमच्या गटाला ६३. मोठी विद्यापीठं हंगामाच्या सुरुवातीला घरच्या मैदानावर सोपा विजय हवा म्हणून खालच्या गटातल्या संघाला पैसे देऊन बोलावतात. १ सप्टेंबर २००७ ला मिशिगनने आम्हाला तसंच बोलावलं, चार लाख डॉलर देऊन. त्या सकाळी दादाचा फोन आला, "अगं, चार लाख घेऊन मार खायला येताय तुम्ही." तो हसत बोलला, पण मला ते लागलं. मी कोल्हापूरची. आमच्याकडचं फुटबॉल पायाने खेळायचं, पण शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या संघांची मॅच असली की पेठाच्या पेठा ओस पडतात. आपल्या माणसांच्या संघाला कुणी हिणवलं की काय होतं ते मला शिकवावं लागत नाही.

सामना दाखवणारी वाहिनी दोनच दिवसांपूर्वी सुरू झालेली, आमच्या केबलवर ती नव्हतीच. मी रूममेटच्या गावी, तिच्या वडिलांच्या शेतावर होते. नाताळची झाडं लावतात ते लोक, फ्रेझर फरची. छाटणीची कामं चालली होती. आम्ही तिघं त्यांच्या पिकअप ट्रकमध्ये रेडिओ लावून बसलो. काकांच्या हाताला झाडाचा चीक लागलेला, त्याच हाताने ते आवाजाचं बटण धरून बसले होते. जाहिरात लागली तरी सोडलं नाही. मध्यंतराला आम्ही २८-१७ ने पुढे. काका काहीच बोलले नाहीत. पाचव्या क्रमांकाचा संघ, १,०९,००० च्या वर प्रेक्षक, इतक्यात बोलायचं नसतं.

आणि झालंही तसंच. शेवटची साडेचार मिनिटं राहिली असताना माइक हार्ट ५४ यार्ड पळाला आणि मिशिगन ३२-३१. लगेच आमच्या आर्मांटी एडवर्ड्सचा पास त्यांनी पकडला. रूममेट ट्रकमधून उतरून झाडांच्या ओळीत निघून गेली. मग मिशिगनचा फील्ड गोल, म्हणजे गोलपोस्टमधून किक मारून तीन गुण मिळवायचा प्रयत्न, आमच्यांनी अडवला आणि तिला हाका मारून परत आणावं लागलं. एडवर्ड्सने संघ पुढे नेला, घड्याळ थांबवायला एकही टाइमआउट शिल्लक नव्हता. २६ सेकंद राहिली असताना ज्युलियन राउशची किक आत, ३४-३२. तरी मिशिगनने एक लांब पास जमवलाच. ३७ यार्डांवरून त्यांची शेवटची किक, आणि कोरी लिंचने ती अडवली. रेडिओवरचा माणूस इतका ओरडत होता की नक्की कोण जिंकलं ते काकांनी दोनदा विचारलं.

संध्याकाळी बूनच्या किंग स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नव्हती. पोरांनी आपल्याच स्टेडियममधला गोलपोस्ट उपटला आणि कुलगुरूंच्या घरी नेऊन टाकला. काका त्या गर्दीत सारखे सांगत होते, माझी आई इथे शिकून मास्तरीण झाली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे. डोंगरातल्या लोकांना बाहेरचे अडाणी समजतात. हे कॉलेज त्यांच्यासाठी निघालं आणि त्यांच्या घरातल्या पहिल्या शिकलेल्या बायका इथून बाहेर पडल्या. हा संघ त्या लोकांचा आहे.

दादाने त्या दिवशी फोन उचलला नाही. नंतर म्हणाला, "नशीब." गेली कित्येक वर्षं तो हेच म्हणतो, म्हणून इथे लिहूनच टाकते. नशिबाने एक किक अडते. पण मिशिगन एका आठवड्यात पहिल्या पंचवीसमधून बाहेर फेकलं गेलं, आणि संघांची क्रमवारी लावणाऱ्या एपी या वृत्तसंस्थेने नियम बदलून खालच्या गटातल्या संघांनाही आपल्या क्रमवारीत घ्यायचं ठरवलं. २०१४ ला आम्ही वरच्या गटात गेलो. तिथला पहिलाच सामना मिशिगनशी, ५२-१४ ने हरलो. तो स्कोअर दादाने मला रात्री पाठवला होता. ठीक आहे. पण २०१५ ते २०२० सलग सहा बाउल, म्हणजे हंगामाअखेरचे मानाचे सामने, कोणी जिंकले? २०१९ ला एकाच हंगामात नॉर्थ कॅरोलायना आणि साउथ कॅरोलायना या दोघांना त्यांच्या घरी कोणी हरवलं? २०२२ ला सहाव्या क्रमांकाच्या टेक्सस ए अँड एमला १७-१४? नशीब इतकी वर्षं एका गावाला पुरत नाही.

आता तुमची मुलगी. नाव ऐकलेलं नाही हे कारण सांगू नका. मी शिवाजी विद्यापीठातून पदवी घेऊन गेले, तेही नाव दादाला सांगण्यासारखं वाटत नव्हतं. बूनला माझे प्राध्यापक मला नावाने ओळखत होते. प्रोजेक्ट अडला की केबिनमध्ये बसवून फळ्यावर समजावून द्यायचे. दादा स्वतः सांगतो की त्याच्या पहिल्या वर्षाचे बरेच तास वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनीच घेतले. नातेवाइकांत सांगायला नाव हवं असेल तर खुशाल अ‍ॅन आर्बरला पाठवा, कर्ज मात्र तुम्ही फेडायचंय.

काही गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. संशोधन आणि पीएचडी डोक्यात असेल तर मोठं विद्यापीठच बरं, इथे तेवढा पसारा नाही. हिवाळा कडक. महाराष्ट्र मंडळ वगैरे शोधायला शार्लटपर्यंत जावं लागतं, म्हणजे दोन तास. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळात बूनमध्ये मोठा पूर आला आणि वर्ग बंद ठेवावे लागले, त्यामुळे राहायची जागा ओढ्याकाठची घेऊ नका. कोच चांगला निघाला की मोठं विद्यापीठ उचलून नेतं. एलाय ड्रिंकविट्झ एक हंगाम राहून मिझुरीला गेले, तेव्हा संघ कायम जिंकेलच असं नाही. आणि हो, फुटबॉलचा खर्च काही अंशी विद्यार्थ्यांच्या फीमधूनच जातो. फीच्या पत्रकात अ‍ॅथलेटिक्सची वेगळी ओळ असते, ती बघा. मी ती भरली आणि मला ती जड वाटली नाही. तुम्हाला वाटू शकते.

विषय कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. संगणकशास्त्र असेल तर विभागाला सरळ मेल करून असिस्टंटशिपचं, म्हणजे विभागातल्या पगारी कामाचं, विचारा, आय-ट्वेंटी (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) येईपर्यंत थांबू नका.