मागच्या वावरातला गहू

धरमपेठ, नागपूर

प्रिय बेटा,

परवा तू आलास, लॅपटॉप उघडलास आणि आपल्या नागपूरच्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचं साडेचार मिनिटांचं फुटेज दाखवलंस. चहा दोनदा निवला तरी आपलं बोलणं संपेना. निघताना जिन्यात थांबून तू विचारलंस, "मावशी, नक्की कुठल्या टाइपची सिरीज करू? इतके प्रकार पाहिले की डोकं गरगरायला लागलं." जिन्यात उभ्याउभ्या देण्यासारखं ते उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र.

डोकं गरगरणारच. माहितीपट मालिका या एकाच नावाखाली किती तऱ्हेची माणसं काम करतात बघ. एक जण वाघिणीच्या मागे तीन-तीन हिवाळे काढतो. दुसरा कोसळलेल्या विमानाच्या चौकशीचा अहवाल उलगडतो. तिसरा कारखान्यात चमचा कसा घडतो ते मुकाट्याने दाखवतो. चौथा महायुद्धातून वाचलेल्यांसमोर खुर्ची टाकून बसतो. तू वहीत त्यांची वाटणी विषयावरून केली होतीस: निसर्ग, इतिहास, विज्ञान, गुन्हे. वाहिनीवाल्यांना ती सोयीची पडते, कारण त्यांना वेळापत्रक भरायचं असतं. तू करणारा आहेस, तू वेगळ्या अंगाने वाटणी कर. प्रत्येक प्रकार प्रेक्षकाला एक शब्द देतो. काही म्हणतात, 'हे मी होताना पाहिलं.' काही म्हणतात, 'हे मी कागदांतून शोधलं.' काही म्हणतात, 'हे आम्ही नटांकडून करवून घेतलंय, पण पुराव्याला धरून.' पस्तीस वर्षं संशोधन आणि निवेदन लिहिण्यात गेली, त्यातून माझ्या हाती हे एवढं लागलं: आपण कोणता शब्द देतोय ते आधी ठरवावं, आणि मग जीव गेला तरी तो पाळावा.

मला हे शिकवलं काटोलकडच्या एका शेतकऱ्याने. तेव्हा मी या कामात नवीन होते. एका लहान निर्मात्यासाठी संत्र्याची गोष्ट करायची होती, फुलापासून बाजारापर्यंत. फेब्रुवारीत आम्ही गेलो. एका बागेत आंबिया बहर फुललेला होता. पांढरीशुभ्र फुलं आणि वास असा की कॅमेरामन ट्रायपॉड खांद्यावर घेऊन नुसताच उभा राहिला. रस्त्यापलीकडच्या बागेत मृग बहराची, म्हणजे आधीच्या पावसाळ्यात फुललेल्या फळांची, तोडणी चालू होती. दोन्ही एकाच दिवसात मिळालं. आता तुला ठाऊक आहे की आंबियाचं फळ हाती यायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. तेव्हा पुन्हा युनिट घेऊन जायला पैसा नव्हता. मग मी निवेदनात लिहिलं की आठ-नऊ महिन्यांनी या फुलांचं असं सोनं होतं, आणि पडद्यावर फुलांना लागूनच ती तोडणी आली. ऐकायला गोड लागलं. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

कार्यक्रम दाखवला गेला आणि आठवड्याभरात पोस्टकार्ड आलं. वळणदार अक्षर, तीन ओळी. "बाई, आंबिया तुटते तवा गहू पेराले जाते. तुमच्या मांगच्या वावरात तं ओंब्या आल्या हायत. हे फळ मृगाचं हाय."

ती फ्रेम मी एडिटला पन्नास वेळा तरी पाहिली असेल. झाड, शिडी, टोपली, तोडणाऱ्या बाईचे हात, सगळं दिसलं होतं. मागचा गहू दिसला नव्हता. आमचा खोटेपणा त्या गव्हाने चारचौघांत सांगितला. एक वाक्य बदललं असतं तर भागलं असतं: 'ही तोडणी मृगाची, आंबियाची अजून नऊ महिने दूर आहे.' उलट त्यातून गोष्ट श्रीमंत झाली असती, कारण मग फुलं यावीत म्हणून झाडाला ताण कसा देतात, पाणी कधी तोडतात, एकाच शिवारात दोन बहर शेजारी-शेजारी कसे नांदतात, हे सांगता आलं असतं. ते पोस्टकार्ड मी अजून जपून ठेवलंय. पुढच्या खेपेला दाखवीन.

चमचा घडवणाऱ्या मालिका तुला फार साध्या वाटतात, हे तू बोलून दाखवलंस. त्या प्रकारात निवेदक दिसत नाही, संगीत मागे असतं, माणसं फारशी बोलत नाहीत. पण क्रम खरा असावा लागतो. प्रक्रिया दाखवणाऱ्याचा शब्द म्हणजे क्रम. तो मी मोडला होता.

निसर्गपटांविषयी तू फार उत्साहाने बोललास. ताडोबा आणि पेंच हाकेच्या अंतरावर असताना नागपूरच्या पोराला वाघ सोडून दुसरं काही सुचेल कसं! डेव्हिड ॲटनबरो यांची १९७९ ची 'लाइफ ऑन अर्थ' तू बघच, तेरा भाग, नुसती भव्यता म्हणून बघू नकोस, जिवांची वाढ कोणत्या ओळीने मांडली आहे ते बघ. आणि सोबत त्यांचंच निवेदन असलेल्या २०११ च्या 'फ्रोझन प्लॅनेट'मधली ध्रुवीय अस्वलाच्या पिल्लांची दृश्यंही बघ. ती पिल्लं नेदरलँड्समधल्या एका प्राणी उद्यानातल्या गुहेत चित्रित केलेली होती आणि उघड्या आर्क्टिकमधल्या दृश्यांना जोडलेली होती. निवेदनात ते सांगितलं नव्हतं, माहिती संकेतस्थळावर ठेवली होती. बराच गदारोळ झाला. ॲटनबरोंचं म्हणणं असं पडलं की मध्येच ते सांगितलं असतं तर वातावरण बिघडलं असतं. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे, तरी हे मला पटलेलं नाही. बर्फाखालच्या गुहेत कॅमेरा घातला तर आई आणि पिल्लं दोघांच्या जिवाला धोका, म्हणून उद्यानात चित्रण करणं अगदी योग्य. पण ते एका वाक्यात सांगून टाकावं. प्रेक्षक तेवढा समजूतदार असतो.

त्याच्या पुढची पायरी मात्र सरळ फसवणुकीची. २०१२ मध्ये अमेरिकेत एका वाहिनीने जलपऱ्यांवर कार्यक्रम दाखवला. शास्त्रज्ञ म्हणून बोलणारे नट होते, पुरावे रचलेले होते, रूप मात्र हुबेहूब माहितीपटाचं. लोकांनी इतकी विचारणा केली की तिथल्या सागरी विज्ञानाच्या सरकारी खात्याला जलमानवाचा कसलाही पुरावा मिळालेला नाही असं जाहीर करावं लागलं. कल्पित कथा करायची असेल तर खुशाल कर. माहितीपटाचे कपडे तिला घालू नकोस.

नटांकडून करवून घेण्यात स्वतःहून काही खोट नसते. श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली तेव्हा आमच्या घरी टीव्ही नव्हता, शेजारच्या काकूंकडे सतरंजीवर दाटीवाटीने बसून आम्ही पाहिली. त्रेपन्न भाग. अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी लिहिलेल्या ग्रंथावर ती बेतलेली. नेहरू स्वतः समोर येऊन बोलायचे, म्हणजे रोशन सेठ, ओम पुरींचा आवाज धागा जोडायचा, आणि मग नाट्य सुरू व्हायचं. नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज झाले होते. पण एका माणसाने तुरुंगात बसून आपल्या देशाकडे असं पाहिलं, हा शब्द तिने पहिल्याच भागात दिला होता आणि शेवटपर्यंत सांभाळला. आम्हाला कधीही गोंधळल्यासारखं झालं नाही.

आता साक्षीदारांचा प्रकार. याच्याविषयी मला सगळ्यात जास्त कळकळ आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

'द वर्ल्ड ॲट वॉर' ही ब्रिटिश मालिका १९७३ मध्ये आली, सव्वीस भाग, निवेदन लॉरेन्स ऑलिव्हिए यांचं. ती सुरू होते फ्रान्समधल्या ओराडूर गावाच्या अवशेषांवरून. जर्मन सैनिकांनी १९४४ मध्ये ते गाव मारून-जाळून टाकलं आणि नंतर ते तसंच राखलं गेलं. कॅमेरा वरून येतो, छप्पर नसलेल्या घरांवरून, रिकाम्या रस्त्यावरून. निवेदन मोजकं. तुझं ड्रोनचं वेड मला कळतं, म्हणून हा शॉट मुद्दाम बघायला सांगते. तिथे उंचीला कारण आहे: गाव पूर्ण आहे आणि त्यात कोणीही नाही, हे खालून दिसलंच नसतं. तुझ्या फुटेजमध्ये ड्रोन गर्दीच्या वर गेला तेव्हा मला गर्दी आहे एवढंच कळलं, आणि ते मला खालूनही कळत होतं.

त्या मालिकेचं मोठेपण तिच्या माणसांत आहे. सेनापती आणि मंत्री आहेतच, पण साधे सैनिक, घरी राहिलेल्या बायका, हिटलरची सेक्रेटरी, असेही बोलतात. युद्ध संपून अठ्ठावीस वर्षं झाली होती. माणसं हयात होती, आणि बोलण्याइतकी लांबही आली होती. ती वेळ साधली म्हणून ती मालिका झाली. आज कितीही पैसा ओतला तरी ती करता येणार नाही, कारण खुर्च्या रिकाम्या झाल्यात.

हे वाचून आपल्या शहराकडे बघ. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्या दिवशी बापाच्या खांद्यावरून, आईचं बोट धरून जे दहा वर्षांचं पोर तिथे होतं, ते आज ऐंशीच्या घरात आहे. भाषणांची छापील रूपं आहेत, छायाचित्रं आहेत. पण त्या पोराला काय दिसलं? गावाहून कशाने आले, बैलगाडीने, रेल्वेने की पायी? भाकरी कशात बांधली होती? पांढरी साडी आईने कुठून आणली? रात्री कुठे झोपले? परत गेल्यावर देव्हाऱ्याचं काय केलं? हे कोणत्याही ग्रंथालयात मिळायचं नाही. उत्तर नागपुरात आणि आसपासच्या खेड्यांत ते म्हातारे-म्हाताऱ्या दारात खाट टाकून बसलेले असतात. एक ट्रायपॉड, एक लेपल माइक आणि ऐकायची तयारी, एवढ्यात हे काम होतं. प्रश्न विचारून झाला की गप्प बस. ते थांबले तरी कॅमेरा बंद करू नकोस. खरी गोष्ट पुष्कळदा त्या थांबण्यानंतर येते.

चित्रफीतच नसेल तर काय, असं तू विचारशील. केन बर्न्स यांनी १९९० मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धावर नऊ भाग केले. त्या काळात चलचित्रण जन्मालाच आलेलं नव्हतं. स्थिर छायाचित्रांवरून हळूहळू फिरणारा कॅमेरा आणि सैनिकांची पत्रं वाचणारे आवाज, यावर त्यांनी ते उभं केलं. एखाद्या घरातला एक पिवळा पडलेला फोटो आणि त्या घरातल्या आजीचा आवाज, याच्या जोरावर तुझा अख्खा भाग उभा राहू शकतो.

विमान अपघातांच्या तपासाच्या मालिका, अफवा प्रयोगाने तपासणाऱ्या मालिका, प्रवासाच्या मालिका यांवर मी इथे वेळ घालवत नाही, त्या तू माझ्यापेक्षा जास्त पाहिल्यात. फक्त दूरदर्शनवरच्या 'टर्निंग पॉइंट' या विज्ञान कार्यक्रमाचे भाग कुठे मिळाले तर सोडू नकोस. प्रा. यशपाल प्रेक्षकांच्या साध्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. प्रश्न कुणा शाळकरी पोराचा असला तरी तो माणूस आधी विचारात पडायचा. तो विचारात पडलेला चेहरा मी कधी विसरले नाही.

आता तुझ्या मारबतीकडे येते.

१९६४ मध्ये ब्रिटनमध्ये सात वर्षांच्या चौदा मुलांवर 'सेव्हन अप' नावाचा एक कार्यक्रम झाला. मायकेल ॲप्टेड त्यात संशोधक होते, मुलं शोधून आणणारे. पुढे दर सात वर्षांनी ते त्याच मुलांकडे दिग्दर्शक म्हणून जात राहिले, थेट २०१९ पर्यंत, म्हणजे ती मुलं त्रेसष्टची होईपर्यंत. जॉकी व्हायचं म्हणणारा पोरगा लंडनमध्ये टॅक्सी चालवू लागला. सातव्या वर्षी रस्त्याने उड्या मारत जाणारा एक मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी बेघर भटकताना सापडला. त्या चौदांत मुली फक्त चार होत्या. आरंभी केलेली ती निवड ॲप्टेड यांना जन्मभर सलली, पण बदलता येईना. आपण संशोधक लोक पहिल्या दिवशी कोणाच्या दारात जातो, त्याला एवढं वजन असतं.

तुझ्या विषयाला हाच प्रकार शोभतो, असं मला मनापासून वाटतं. काळी आणि पिवळी मारबत दरवर्षी त्याच असतात. बदलतात ते बडगे, म्हणजे त्यांच्यासोबत निघणारे पुतळे. कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी एखाद्या रोगाचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हे शहर त्या वर्षीचा आपला सगळा राग बांबू, कागद आणि कापडाने बांधतं, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत रस्त्यावरून नेतं आणि जाळून टाकतं. एका वर्षाचं चित्रण म्हणजे मिरवणूक झाली. तीच गल्ली, तीच बडगे बांधणारी माणसं, तोच कोपरा तू सात वर्षं चित्रित केलास तर नागपूरच्या मनाचा इतिहास तुझ्या हार्ड डिस्कमध्ये जमा होईल. मिरवणुकीच्या आधीचे पंधरा दिवस जास्त मोलाचे. बडगा कशाचा करायचा यावर वाद होत असतील ना, ते वाद मला ऐकायचे आहेत.

आणि एक. तुझ्या फुटेजमध्ये तिसऱ्या मिनिटाला एक आजी आहे. हिरवं लुगडं, नातू काखेत. ती त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून मारबतीपुढे जोडायला लावते आणि त्याच्या कानात काहीतरी बोलते. नऊ सेकंद. मग तू ढोलाचं रेकॉर्डेड संगीत चढवून ड्रोनवर गेलास.

रविवारी ये. ते नऊ सेकंद कापण्याआधीचं पूर्ण फुटेज आण, मूळ आवाजासकट. हेडफोन माझ्याकडे चांगले आहेत, ती काय म्हणाली ते आपण काढू. आणि तिचं घर कुठल्या गल्लीत आहे ते शोधून ठेव. पुढच्या पोळ्याला तो नातू तिच्या काखेत असेल की बोट धरून उभा असेल, ते बघायला मीही तुझ्याबरोबर येणार आहे.

तुझी
मावशी