एकाचे दोन दिसतात, पण दाखवायचं नेमकं कुणाला?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही हुपरीचे. मिस्टर चांदीचं काम करतात, पैंजणाचं, वय ४६. गेल्या दिवाळीपासून संध्याकाळ झाली की त्यांची डावी पापणी खाली येते आणि घुंगरू जोडताना एकाचे दोन दिसतात, बोटानं पापणी वर धरून काम करतात बिचारे. सकाळी मात्र एकदम ओके. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा नंबर बदलला. मग जेवताना जबडा दमायला लागला, अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवतात, म्हणून कान-नाक-घसावाल्यांना दाखवलं, मग मेंदूचा एमआरआय केला तो नॉर्मल आला, तेव्हा एकांनी सांगितलं टेन्शन आहे, झोपेची गोळी घ्या. अपॉइंटमेंट दरवेळी सकाळची मिळते आणि सकाळी ह्यांना काहीच नसतं, त्यामुळं मीच उगाच सांगत्ये असं वाटतं सगळ्यांना. आता फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'मायस्थेनिया?' असं लिहून दिलंय. पाहुण्यातलं कोण म्हणतंय पुण्याला न्या, कोण मुंबई, कोण बेंगळुरू. चार महिन्यांत साठवलेलं संपत आलंय. नेमकं जायचं कुणाकडं?
– एक वाचक, हुपरी

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला माझी आई आठवली, तिचे असेच चौदा महिने गेले होते आणि तिलाही टेन्शनच सांगितलं होतं. म्हणून आधी हे सांगते, तुम्ही उगाच काही सांगत नाही आहात. सकाळी बरं आणि दिवस चढेल तसं वाईट, थोडा आराम केला की परत बरं, ही या आजाराची खूणच आहे. मी डॉक्टर नाही, निदान तपासूनच होणार, पण तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी जे प्रश्नचिन्ह टाकलंय ते सोडू नका.

मायस्थेनिया ग्रेव्हिस हा ना डोळ्याचा आजार आहे ना जबड्याचा. नसेतून स्नायूला जो निरोप जातो तो जिथं पोचतो तिथंच अँटिबॉडी, म्हणजे शरीरानं चुकून स्वतःविरुद्धच बनवलेली प्रथिनं, अडथळा करतात, मग स्नायू वापरला की लवकर थकतो. म्हणून चष्मा बदलून काही होत नाही आणि मेंदूचा एमआरआयही नॉर्मल येतो.

तर जायचं न्यूरोलॉजिस्टकडं. आपल्याकडं सगळ्यांनाच 'मेंदूचे डॉक्टर' म्हणतात तिथं गडबड होते, न्यूरोसर्जन हे ऑपरेशनवाले, तुम्हाला पाहिजेत ते डीएम न्यूरोलॉजी झालेले. आम्ही ह्यातच दोन महिने घालवले. आणि फोनवर नंबर लावतानाच सरळ विचारायचं, डॉक्टर मायस्थेनियाचे पेशंट बघतात का. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, चांगले डॉक्टर स्वतःच सांगतात की अमक्यांना दाखवा.

एकदम बेंगळुरूची गाडी पकडू नका. आधी कोल्हापुरातच, सीपीआर या सरकारी दवाखान्यात न्यूरोलॉजिस्ट कुठल्या वारी असतात ते विचारा, नाहीतर खासगीत बघा. पहिल्या तपासण्या पुष्कळदा इथंच होतात: रक्तातली अँटिबॉडी, नसांची टेस्ट, छातीचा सीटी. सीटी कशाला तर छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते, काहींना तिथं गाठ निघते. नसांच्या टेस्टला जाताना चिठ्ठीवर 'आरएनएस' (नसेला परत परत झटके देऊन स्नायू थकतो का बघायची टेस्ट) लिहिलंय ना ते बघून घ्या, नुसती साधी एनसीव्ही, म्हणजे नसेतून निरोप किती वेगानं जातो एवढंच बघणारी टेस्ट केली तर ती नॉर्मल येऊ शकते, आईची तशीच आली आणि आम्ही आनंदानं घरी आलो. अँटिबॉडी निगेटिव्ह आली तरी विषय संपत नाही, फक्त डोळ्यांपुरता आजार असेल तर जवळपास निम्म्या लोकांत ती सापडतच नाही. इथं निदान अडलं किंवा औषधानं भागेना तर मग मुंबईचं केईएम किंवा बेंगळुरूचं निम्हान्स, निम्हान्समध्ये नसा-स्नायूंच्या आजारांचं वेगळं काम चालतं. पैशाचं म्हणाल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले योजनेत काय बसतंय ते भरती व्हायच्या आधीच विचारा.

संध्याकाळचीच वेळ मागा, नाही मिळाली तर मोबाईलवर व्हिडिओ. आठ दिवस रोज सकाळी आणि संध्याकाळी सातला, चेहरा समोर, छताकडं एक मिनिट बघायला सांगा, पापणी खाली येताना दिसली पाहिजे. आणि एका कागदावर तारखेनं लिहा की काय कधी सुरू झालं. जाड फाईल कोण वाचत नाही हो, तो एक कागद वाचतात. आईच्या वेळी शेवटी ज्या डॉक्टरांनी ओळखलं त्यांनी रुमालात बर्फ गुंडाळून तिच्या मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला आणि काढला तर पापणी वर! मी समोरच बसले होते, रडायलाच आलं मला. थंडीनं तो निरोप थोडा जास्त वेळ टिकतो म्हणून असं होतं. त्यानंतर गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याभरात ती परत पुरणपोळ्या लाटायला बसली.

तोवर दोन गोष्टी सांभाळा. कुठल्याही आजारासाठी औषध घेताना ती चिठ्ठी दाखवा, कारण काही अँटिबायोटिक्स आणि बीपीच्या काही गोळ्यांनी हा आजार वाढतो (चालू असलेली गोळी मात्र मनानं बंद करू नका). आणि पाणी नाकातून यायला लागलं, गिळताना ठसका लागायला लागला, मान सावरेना किंवा श्वास अपुरा पडतोय असं वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, रात्र असली तरी आयसीयू असलेल्या मोठ्या दवाखान्यात थेट इमर्जन्सीला न्यायचं आणि दारातच 'मायस्थेनियाचा संशय आहे' म्हणून सांगायचं.

नंबर मिळेल तेव्हा मिळेल, व्हिडिओ आज संध्याकाळपासून काढायला लागा.