जेआर पास राहू द्या, आधी पॉलिसीचा कागद वाचा

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: "आम्ही दोघं आणि तेरा वर्षांचा मुलगा, मार्चअखेर साकुरा (चेरीचा बहर) बघायला बारा दिवस जपानला जाणार. पहिलाच परदेश प्रवास. टोकियो, क्योटो, हिरोशिमा, ओसाका. खर्च नऊ लाख धरलाय. तिघांना सात दिवसांचा जेआर पास काढावा का? हॉटेल प्रत्येक शहरात घ्यावं की मुक्काम एकाच ठिकाणी? पैशांची सोय आहे. दीड लाख वार्षिक हप्त्याची पॉलिसी आहे, मार्चमध्ये पाचवा हप्ता भरला की नऊ लाख काढता येतील, असं बँकेतल्या साहेबांनी सांगितलंय. कमी पडलं तर क्रेडिट कार्ड आहेच. पगार वर्षाला 16 लाख, महिन्याला चाळीसेक हजार शिल्लक पडतात, तीन लाखांची एफडी अडीअडचणीला आहे." सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो.

जेआर पास म्हणजे जपानच्या रेल्वेत ठरावीक दिवस हवा तितका प्रवास करायचं तिकीट. तो नको. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याची किंमत 29,650 येनांवरून थेट 50,000 झाली आणि सगळ्यात वेगवान नोझोमी बुलेट ट्रेनला वर जादा पैसे द्यावे लागतात. जाताना टोकियोला उतरा, परतीचं विमान ओसाकाहून घ्या. टोकियो ते क्योटो सुटं तिकीट 14 हजार येन, पुढे कान्साई (ओसाका-क्योटोचा भाग) ते हिरोशिमाचा पाच दिवसांचा पास 17 हजार. झाले 31 हजार. मुलाला अर्धं तिकीट धरू नका, तिथे बाराव्या वर्षापासून पूर्ण भाडं लागतं. येन साठ पैशांचा धरला तर तिघांचे मिळून 34 हजार रुपये वाचतात.

मुक्काम दोनच ठिकाणी करा, टोकियो आणि ओसाका. ओसाकाहून क्योटो लोकलने अर्ध्या तासावर, हिरोशिमा शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दीड तासावर. मोठ्या बॅगा कुरियरने हॉटेल ते हॉटेल पाठवता येतात, दुसऱ्या दिवशी पोचतात. बुकिंग करताना माणसं तीन लिहा. तिथे भाडं बहुतेक ठिकाणी माणशी असतं आणि खोल्या दोघांपुरत्या.

आता पॉलिसी. तुमच्याच फोटोत लिहिलंय: हप्ते 10 वर्षं, मुदत 20 वर्षं, मुदतीअखेर हमीचे 32 लाख. पाच वर्षांनी पैसे मिळतात असं कुठेही नाही. पाच वर्षांची गोष्ट युलिपच्या (बाजारात पैसे गुंतवणाऱ्या विमा पॉलिसीच्या) लॉक-इनची, म्हणजे पैसे काढता न येण्याच्या मुदतीची, ती साहेबांनी या पॉलिसीला चिकटवून दिली. ही मधेच मोडली तर चौथ्या ते सातव्या वर्षात भरलेल्या हप्त्यांच्या 50 टक्के रकमेची हमी असते. पाच हप्ते म्हणजे साडेसात लाख, त्याचे निम्मे पावणेचार. कंपनी थोडे जास्त देईलही, पण नऊ लाख कुठल्याही गणितात बसत नाहीत. साडेसातचे पाच वर्षांत नऊ होतील, तेही हमीने आणि विम्यासकट, हे ऐकून तुम्हाला जराही शंका आली नाही?

उरलेले पाच लाख कार्डावर टाकणार असाल तर महिना साडेतीन टक्क्यांनी फक्त व्याजच साडेसतरा हजार. शिवाय परदेशात कार्ड घासलं की बहुतेक बँका साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लावतात, म्हणजे लाखाला चार हजार.

मग पॉलिसी आजच मोडायची? नाही. रागाच्या भरात लोक तेच करतात. चार हप्त्यांवर मोडलीत तर हातात तीनेक लाख. हप्ते थांबवून ती पेड-अप केलीत, म्हणजे न मोडता भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी रकमेवर मुदतीअखेरपर्यंत चालू ठेवलीत, तर 32 लाखांतले चार दशांश, म्हणजे पावणेतेरा लाख, सोळा वर्षांनी मिळतील. तीनाचे पावणेतेरा म्हणजे वर्षाला नऊ-साडेनऊ टक्के, तेही हमीने. नुकसान व्हायचं ते होऊन गेलंय, आता आहे ते मोडू नका. उलट उरलेले सहा हप्ते, नऊ लाख, भरत बसलात तर त्या नव्या पैशावर साडेपाच-सहा टक्केच पडतात. म्हणून मार्चचा हप्ता भरू नका. तो दीड लाख जपानचा.

शिल्लक आणि हा हप्ता मिळून मार्चपर्यंतच्या आठ महिन्यांत पावणेपाच लाख होतील. त्यात साकुराच्या ऐन गर्दीतलं जपान बसत नाही. मार्चऐवजी त्यानंतरच्या ऑक्टोबरअखेर, शाळेच्या दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर साडेसात लाख जमतील. पास नाही, साकुराचे चढे दर नाहीत, नवाचा खर्च साडेसातच्या आसपास येतो. एफडीला हात लावायचा नाही, ती सहलीची नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. या पॉलिसीत विमा आहे 15 लाखांचा, म्हणजे तुमच्या एका वर्षाच्या पगाराएवढाही नाही. पेड-अप केल्यावर तो आणखी घटेल. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी दीड-दोन कोटींचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, तो कागद हातात आल्यावरच हप्ता थांबवा.

या आठवड्यात विमा कंपनीला (बँकेतल्या साहेबांना नव्हे) ईमेल करून आजचं सरेंडर मूल्य (पॉलिसी मोडल्यास मिळणारी रक्कम) आणि पेड-अप केल्यास मुदतीअखेर मिळणारी रक्कम लेखी मागवा. पेड-अपचा आकडा बारा लाखांच्या खाली आला तर मला परत लिहा, गणित बदलेल. आणि मार्चची हॉटेलं बुक केली असतील तर विनाशुल्क रद्द करायची शेवटची तारीख आजच बघून ठेवा.