जाड माणसाचा पहिला विमानप्रवास

अरे, घाबरू नकोस, मी एकशे पंचवीस किलोचा माणूस इंदूरहून किती वेळा उडालोय. इकॉनॉमीची सीट साधारण १७-१८ इंच रुंद असते, म्हणून आधी घरी टेप घेऊन बसल्या बसल्या स्वतःला मोज, लाज कसली त्यात. पट्टा पुरला नाही तर विमानात चढतानाच एअर होस्टेसला हळूच सांग, एक्स्टेंडर (पट्टा लांब करणारा जोडतुकडा) हवाय, फुकट देतात, मी पहिल्यांदा संकोचानं मागितलाच नाही आणि अख्खा प्रवास पोट आत ओढून बसलो, इंदूरच्या सराफा बाजारातली रात्रीची जलेबी आठवत!

एक्झिट रो, म्हणजे संकटकाळी बाहेर पडायच्या दाराजवळची रांग, मात्र घेऊ नकोस, पाय पसरायला जागा असते खरी पण एक्स्टेंडरवाल्याला तिथे बसू देत नाहीत. अगदी पुढची रांग पण नको, तिथे ट्रे हाताच्या दांडीत असतो म्हणून ती दांडी वर होत नाही. आयलची, म्हणजे मधल्या वाटेकडची सीट घे, बाहेरच्या दांडीखाली बिजागरीपाशी बहुतेक वेळा बटण असतं, ते दाबलं की वर होते. अन् फारच अडचण वाटली तर दोन सीटा तिकीट काढतानाच घे, एअरलाइनला फोन करून, एअरपोर्टवर ऐनवेळी शेजारची रिकामी मिळेल या भरवशावर राहू नकोस.