कोऱ्या सागवानी कपाटातले डाग

प्रश्न : आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीत बसवलेले सागवानी कपाट आहे. दारांना बाहेरून पॉलिश केलेले आहे, पण आतल्या फळ्या कोऱ्याच आहेत. त्यांवर जवसाच्या आणि फल्लीच्या तेलाचे डाग, हळदीचा पिवळेपणा आणि लोखंडी तवा ठेवत होतो तिथे काळे वर्तुळ आहे. पावसाळा संपला की कुबट वासही येतो. सासूबाई म्हणतात, सोड्याच्या पाण्याने खसाखसा धुऊन काढ. तसे करावे काय? पुढे त्यात डाळी ठेवायच्या आहेत.
– एक वाचक भगिनी, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : ताई, सोड्याचे पाणी फरशीला चालेल, कोऱ्या लाकडाला नाही. पॉलिश नसलेली फळी पाणी शोषून घेते, तिचे रेषे फुगून उभे राहतात आणि सोड्यातल्या क्षारामुळे सागवान काळपट पडते. शिवाय हळदीच्या डागाला साबण किंवा सोडा लागला की तो लाल होतो, हे पातळावरच्या डागावरून सासूबाईंनाही ठाऊक असेल. म्हणून आधी कोरडे उपाय करावेत, आणि पाणी लागलेच तर घट्ट पिळलेल्या फडक्यापुरते वापरावे.

तेलाच्या डागांत मात्र एक भेद पाहावा लागतो. फल्लीचे तेल लाकडात मुरून ओशट राहते. त्यावर मुलतानी मातीची कोरडी भुकटी जाड पसरून रात्रभर ठेवावी, सकाळी झटकावी आणि भुकटी तेलकट दिसेनाशी होईपर्यंत पुन्हा पुन्हा पसरावी. जवसाच्या तेलाची गोष्ट वेगळी. ते हवेत हळूहळू घट्ट होते, म्हणूनच रंगकामात त्याचा उपयोग करतात, आणि जुना डाग नखाने दाबला तर मधासारखा चिवट किंवा पापुद्र्यासारखा टणक लागतो. त्याला मुलतानी माती ओढू शकत नाही. तो पातळ पटाशीने किंवा काचेच्या तुकड्याच्या सरळ कडेने, रेषांच्या दिशेने, अलगद खरवडावा, मग १२० नंबरचा आणि त्यानंतर २२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासावा. सागवानाच्या बारीक भुशाने अंगाला खाज सुटते आणि घसा धरतो, त्यामुळे नाकातोंडाला रुमाल बांधावा. ताज्या जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी मात्र कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

हळदीसाठी फार कष्ट नकोत. फळी निघत असेल तर ऊन दाखवावे, हळदीचा रंग उन्हात उडतो. फक्त वैशाखातल्या भर दुपारी एकच बाजू तापू देऊ नये, फळी वाकते; सकाळच्या उन्हात दोन्ही बाजू आलटून पालटून ठेवाव्यात.

तव्याचे काळे वर्तुळ ही घाण नसून सागवानातले टॅनिन आणि ओलसर लोखंड यांच्या संयोगाने तयार झालेला रंग आहे, त्यामुळे ते साबणाने जाणार नाही. आधी लिंबाचा रस लावून पाहावा. जुना डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने उतरतो. ते हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पण विषारी आहे, हातमोज्यांशिवाय हाताळू नये, लोखंडी भांड्यात कालवू नये, आणि लावल्यावर फळी स्वच्छ पाण्याने अनेकदा पुसून घेतल्याशिवाय तिच्यावर पॉलिश पेपर चालवू नये. डाळींच्या कपाटासाठी मी स्वतः या वाटेला जाणार नाही. फळी सुटी असेल तर सरळ उलटी करून बसवावी.

कुबट वासाचे मूळ बहुधा मागच्या भिंतीत असते. कपाटाची पाठफळी भिंतीला टेकलेली असेल तर पावसाळ्यात तिला हात लावून पाहावे. ती गार आणि ओलसर लागली तर आधी छपराची किंवा भिंतीची गळती थांबवावी, नाहीतर आतली सारी मेहनत फुकट जाईल आणि उधळीलाही आयते आमंत्रण मिळेल. बुरशी दिसली तर कोरड्या ब्रशने बाहेर झाडून, पाण्यात निम्मे व्हिनेगर मिसळून पिळलेल्या फडक्याने पुसावे. व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर मात्र चुकूनही एकत्र आणू नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

सगळे पूर्ण वाळल्यावर फळ्यांना काही तरी लावावे, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हेच. आत तेल लावू नये. बंद कपाटात त्याचा वास महिनोन्महिने कोंडून राहतो. पळस आणि कुसुमाच्या झाडांवर होणाऱ्या लाखेपासून बनलेला चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून त्याचे दोन पातळ हात द्यावेत. तो लवकर वाळतो, वाळल्यावर वास राहत नाही, आणि शुद्ध लाखेचा लेप तर औषधाच्या गोळ्यांवरही देतात. पॉलिशचे स्पिरिट मात्र विषारी आणि ज्वालाग्राही असते, त्यामुळे काम चालू असताना घरात चूल किंवा गॅस पेटवू नये. ओल्या भांड्याने चपड्यावर पांढरे डाग पडतात, म्हणून तेलाचा डबा आणि तवा यांच्याखाली एकेक जुनी थाळी ठेवावी. डाळी भरण्यापूर्वी कपाटाची दारे दोन-तीन दिवस उघडी राहू द्यावीत.